पानाची शिस्त : मासिकाची मांडणी शिकताना इतिहासाकडून काय घ्यावं?



आजचा विषय तुमच्याच अभ्यासक्रमातून आलेला आहे. तुम्हा सगळ्यांना प्रकल्प म्हणून एक मासिक तयार करायचं असतं. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, आतली काही पानं. आणि त्या प्रकल्पाच्या सूचनांमध्ये एक वाक्य हमखास असतं, की अंक 'व्यावसायिक दिसला पाहिजे'. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे सवयीनं माझं लक्ष त्या 'दिसला पाहिजे' या दोन शब्दांवर अडकलं. व्यावसायिक दिसायचं म्हणजे नक्की काय दिसायचं? तुम्हाला विचारलं तर उत्तरं येतात : गुळगुळीत कागद, पानभर फोटो, भारी फॉन्ट. आता तर तयार साचे मिळतात. साच्यात मजकूर ओतला की दहा मिनिटांत परदेशी मासिकासारखं पान तयार. मग शिकायचं काय उरलं?

हा प्रश्न मी खवचटपणे विचारत नाही. तो खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला इतिहासात सापडतं असं वाटतं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. मजकूर हातात येण्याआधी काही निर्णय घ्यायचे असतात आणि ते शेवटच्या पानापर्यंत पाळायचे असतात. पान व्यावसायिक दिसतं ते या पाळण्यामुळे. पूर्वी हे निर्णय छापखान्यातलं शिसं घ्यायला लावत असे. आज ते कोणीही घ्यायला लावत नाही. त्यामुळे आजच्या विद्यार्थ्याचं काम सोपं झालेलं दिसतं, पण एका अर्थानं ते जास्त अवघड झालेलं आहे.

आपल्याकडच्या सुरुवातीपासून बघू. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. ते वृत्तपत्र होतं, मासिक नव्हे, हे मला माहीत आहे. पण पानाची मांडणी शिकायला त्याच्याइतका सोपा पहिला धडा नाही. पानावर दोन रकाने. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्या रकान्यात मराठी. आज तुम्ही याला लेआउट म्हणाल आणि कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केला म्हणून विचाराल. पण हा निर्णय कुठून आला? 'आपला वाचक कोण?' या प्रश्नातून आला. एक वाचक राज्यकर्त्यांच्या भाषेचा आणि एक इथल्या भाषेचा. दोघांना एकाच कागदावर, एकाच उंचीवर शेजारी बसवायचं. कोणाला आधी, कोणाला मागच्या पानावर, असं करायचं नाही. रकान्याची एक उभी रेघ, पण तिच्यात एक भूमिका आहे. पुढे १८४० साली जांभेकरांनीच 'दिग्दर्शन' काढलं. मराठीतलं पहिलं मासिक म्हणून आपण त्याचं नाव घेतो. पत्र बातमी घेऊन येतं आणि शिळं होतं. मासिक ज्ञान घेऊन येतं आणि जपून ठेवलं जातं. महिनाभर घरात राहणाऱ्या, चार हातांतून फिरणाऱ्या पानाची गरज वेगळी असते.

आता ही पानं बनत कशी होती ते बघा, कारण शिस्तीचा उगम तिथे आहे. शिशाचे खिळे असत. एकेक खिळा म्हणजे एकेक अक्षर, उलटं कोरलेलं. केसमधल्या खणांतून ते उचलून स्टिकमध्ये ओळीनं लावायचे. हे काम करणारा तो जुळारी, ज्याला छापखान्यात सगळे कंपोझिटर म्हणायचे. इंग्रजीला खिळ्यांचे प्रकार थोडे लागतात. देवनागरीला शेकडो लागत. कारण आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. शिवाय जोडाक्षरं. मुंबईच्या छापखान्यांत यावर डिग्री नावाची पद्धत रूढ झाली. तिच्यात एका ओळीचे तीन मजले करायचे. मधल्या मजल्यावर अक्षर, वरच्या मजल्यावर मात्रा-अनुस्वार, खालच्या मजल्यावर उकार, आणि प्रत्येक मजल्याचे खिळे वेगळे. दुसरी पद्धत अखंड खिळ्यांची. तिच्यात मात्रेसकट अक्षर एकत्र ओतलेलं, म्हणजे खिळ्यांचे प्रकार आणखी वाढले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा (स्थापना १८६९) टाइप देखणा म्हणून देशभर नावाजला गेला. लोकमान्य टिळकांसारख्या माणसानं देवनागरी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल यावर स्वतः डोकं घालून काम केलं. राजकारणाच्या धबडग्यात टिळकांना खिळे मोजत बसायला वेळ कसा मिळाला, असं तुम्हाला वाटेल. पण पान लवकर आणि स्वस्तात निघणं हा त्यांच्यासाठी राजकारणाचाच भाग होता.

सांगायचा मुद्दा असा, की शिशाच्या काळात हवा तो आकार, हवी ती रुंदी, हवा तो टाइप असं काही नसायचं. छापखान्यात जे दोन-तीन टाइप असतील तेवढेच. रकान्याची रुंदी एकदा ठरली की ठरली. ती बदलायची तर प्रत्येक ओळ पुन्हा जुळवायची. गॅली प्रुफात एक शब्द वाढवला तर खालच्या पाच ओळी हलायच्या. म्हणून लेखकानं आधी विचार करायचा, संपादकानं आधी निर्णय घ्यायचा, आणि नंतर मन बदललं तर त्याची किंमत मोजायची. फर्मा आठ किंवा सोळा पानांचा, त्यामुळे अंकही त्याच हिशेबात बसवायचा. सगळी बंधनं बाहेरून आलेली. पण त्या बंधनांमुळे अंकाला एक चेहरा मिळायचा. वाचकाला पान उलटताना दर वेळी नव्यानं रस्ता शोधावा लागत नसे.

या बंधनांत राहून माणसं मासिक काढायला शिकली, तीसुद्धा कुठल्याही पदविकेशिवाय. माझ्या आवडीचं उदाहरण किर्लोस्करवाडीचं. १९२० साली तिथे 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं ते गृहपत्र. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शं. वा. कि., हे मुळात चित्रकलेचं शिक्षण घेतलेले. त्यांचा पहिला वाचक साहित्यिक नव्हता. नांगर विकणारा आणि नांगर घेणारा, असा त्यांचा वाचक. हा वाचक कोण आहे, त्याला काय कळतं, कुठे तो पान बंद करेल, हे त्यांना धंद्यामुळे नेमकं माहीत होतं. हळूहळू त्या खबरेचं 'किर्लोस्कर' हे सर्वांसाठीचं मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' निघालं, १९३४ मध्ये 'मनोहर'. एकाच घरातली तीन मासिकं, प्रत्येकाचा वाचक वेगळा. व्यावसायिक या शब्दाचा मूळ अर्थ इथे दिसतो. व्यवसाय म्हणजे नुसता पैसा नव्हे. संस्कृतात 'व्यवसाय' शब्दाला निश्चय असाही अर्थ आहे. गीतेतली 'व्यवसायात्मिका बुद्धि' तुम्ही ऐकली असेल. ती पक्का निश्चय झालेली बुद्धी. मासिकाचं पानही तसंच निश्चयाचं असावं लागतं.

आणि मुखपृष्ठाचं काय, असं कोणीतरी विचारणारच. 'मनोरंजन' मासिकानं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि आपल्याकडे एक परंपराच सुरू झाली. त्या परंपरेत मुखपृष्ठाला वेगळं वजन आलं. गोव्याच्या मातीतून आलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. त्यांची मुखपृष्ठं लोक अंक वाचून झाल्यावरही जपून ठेवायचे. पण याच काळात 'सत्यकथा'सारखं मासिकही चालत होतं. १९३३ ते १९८२. तिथे पान शांत. शीर्षक, लेखकाचं नाव, मजकूर. अक्षराची आणि प्रुफांची काळजी मात्र डोळ्यांत तेल घालून. तेव्हा व्यावसायिक म्हणजे रंगीत, हे समीकरण मनातून काढून टाका. मुखपृष्ठ रस्त्यावर बोलतं, आतलं पान घरात बोलतं. रस्त्यावर आवाज चढवावा लागतो. घरात तोच आवाज लावला तर माणसं उठून जातात.

इथवर आपण मासिकं काढणाऱ्यांबद्दल बोललो. पण तुमचा प्रश्न शिकण्याचा आहे. मासिकाची मांडणी वर्गात शिकवता येते का? त्यासाठी थोडं दूर, अमेरिकेत जाऊ. अलेक्सी ब्रोडोविच नावाचा एक रशियन गृहस्थ. क्रांतीनंतर देश सोडला, पॅरिसमध्ये पोटासाठी चित्रकाम केलं आणि १९३० मध्ये फिलाडेल्फियाला शिकवायला गेला. १९३३ मध्ये त्यानं 'डिझाइन लॅबोरेटरी' नावाचा वर्ग सुरू केला. पुढच्याच वर्षी तो 'हार्पर्स बझार' या मासिकाचा कलासंचालक झाला आणि १९५८ पर्यंत राहिला. रिचर्ड ॲव्हडॉन, अर्व्हिंग पेन ही छायाचित्रकलेतली पुढची मोठी नावं त्याच्याकडे शिकलेली.

ब्रोडोविचची कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. तो फोटोंच्या लहानमोठ्या आकारांतल्या प्रती काढून घ्यायचा. समोरासमोरची दोन पानं हे एकच चित्र मानायचा. मग सगळ्या जोडपानांचे आराखडे जमिनीवर ओळीनं पसरायचा आणि चालत चालत बघायचा. कुठे गर्दी झाली, कुठे श्वास हवा, कुठल्या भरलेल्या पानानंतर एक मोकळं पान यायला हवं. म्हणजे मासिक हे त्याच्या दृष्टीनं काळात उलगडणारं काम होतं, गाण्याच्या मैफलीसारखं. विलंबितानंतर द्रुत येणार, पण केव्हा, हे आधी ठरलेलं. तुम्ही पडद्यावर एकेक पान सुंदर करता. दर पानाला वेगळी पार्श्वभूमी, वेगळा टाइप. एकेकटं पान सुरेख, आणि अंक म्हणून हातात घेतला की धाप लागते. ब्रोडोविचचा हा एक धडा घेतलात तरी अर्धं काम झालं : पानं छापून काढा, जमिनीवर पसरा, उभं राहून बघा.

त्याच्याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५० मध्ये ब्रोडोविचनं 'पोर्टफोलिओ' नावाचं नियतकालिक मांडायला घेतलं. जाहिराती नाहीत, कागद आणि छपाई हवी तशी. मांडणीच्या इतिहासात त्याचं नाव आजही आदरानं घेतात. आणि ते तीन अंकांत, १९५१ मध्ये, बंद पडलं. खर्च झेपला नाही. ज्या माणसाची कल्पनाशक्ती जाहिरातींनी भरलेल्या मासिकात पंचवीस वर्षं टिकली, ती मोकळ्या रानात वर्षभर टिकली. स्वातंत्र्याला पायाखाली जमीन लागते, एवढाच अर्थ मी यातून काढतो.

आता माझ्याच म्हणण्यावर एक आक्षेप घेतो, कारण तत्त्वज्ञानाच्या वर्गात तशी रीत आहे. शिस्त, निर्णय, चेहरा हे सगळं ठीक, पण ज्यांना प्रस्थापित चेहराच नको आहे त्यांचं काय? १९५० च्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुणांनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक काढलं. सायक्लोस्टाइल केलेलं. ज्यांनी सायक्लोस्टाइल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : मेणकागदावर मजकूर कोरायचा, शाई फिरवायची आणि जाडाभरड्या कागदावर फिकट-गडद प्रती निघतात. आजच्या कुठल्याही निकषावर त्याला व्यावसायिक म्हणता येणार नाही. इथूनच मराठीतल्या लघुअनियतकालिकांची वाट फुटली आणि आधुनिक मराठी कवितेचा इतिहास तिला वगळून लिहिता येत नाही. मग माझा सिद्धान्त कोसळला का?

मला वाटतं, नाही. कोलटकर हे जे. जे.मधून शिकलेले आणि पुढे जाहिरात क्षेत्रात नावाजलेले कलासंचालक. पानाची मांडणी त्यांना कळत नव्हती असं कोण म्हणेल? त्यांच्या पुस्तकांची रूपं त्यांनी स्वतः किती विचारानं घडवली ते हातात घेऊन पाहा. सायक्लोस्टाइलचं पान ही ऐपतीची मर्यादा होतीच, पण ती स्वीकारलेली मर्यादा होती. मजकूर काय आहे, कोणासाठी आहे, तो कोणाच्या परवानगीशिवाय काढायचा आहे, याच्याशी ते रूप जुळत होतं. न जमल्यामुळे ओबडधोबड झालेलं पान आणि ठरवून ओबडधोबड ठेवलेलं पान यांतला फरक वाचकाला दुसऱ्या पानावर कळतो.

यानंतर मोठा बदल झाला तो १९८५ मध्ये. ॲपलचा लेझर प्रिंटर आणि आल्डस कंपनीचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर त्याच वर्षी बाजारात आलं. डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजे आपण ज्याला नुसतं डीटीपी म्हणतो, ते तिथून सुरू झालं. कंपनीचं नाव आल्डस का? व्हेनिसचा जुना मुद्रक अल्दुस मानुतियुस याच्यावरून. छापील पुस्तकातला तिरपा टाइप, ज्याला इटॅलिक म्हणतात, तो १५०१ मध्ये त्याच्या छापखान्यातून आला. शिशाचं युग संपवणाऱ्यांनी शिशाच्या युगातल्याच माणसाचं नाव घ्यावं, यात मला एक ऋणाची जाणीव दिसते. मग १९८७ मध्ये क्वार्कएक्स्प्रेस, १९९९ मध्ये इनडिझाइन. जुळारी, ब्लॉक बनवणारा, पान बांधणारा, या सगळ्यांचं काम एका खुर्चीवर आलं. बंधनं गळून पडली.

इथे मला कांट आठवतो, आणि तुम्ही घाबरू नका, दोनच वाक्यं बोलणार आहे. दुसऱ्यानं लादलेला नियम पाळणं वेगळं आणि विचारपूर्वक स्वतःला घालून दिलेला नियम पाळणं वेगळं. कांट या दुसऱ्यालाच स्वायत्तता म्हणतो. वाटेल ते करणं याला तो स्वातंत्र्य म्हणतच नाही. शिशाच्या काळातला संपादक पहिल्या प्रकारानं शिस्तीत होता. तुम्हाला दुसऱ्या प्रकारानं शिस्तीत यायचं आहे. तयार साचा वापरणारा विद्यार्थी मात्र कुठेच नसतो. नियम त्याचाही नाही आणि त्याच्या हातातल्या वस्तूचाही नाही.

वस्तूचाही नाही असं मी का म्हणतो, ते नीट ऐका, कारण मराठीच्या दृष्टीनं आजच्या बोलण्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. ते साचे बहुतेक रोमन लिपीसाठी बनलेले असतात. रोमन अक्षर पायाच्या रेषेवर उभं असतं, आपलं अक्षर शिरोरेषेला लटकलेलं असतं. ते तीन मजले, जे डिग्रीच्या खिळ्यांत वेगळे होते, ते संगणकातही गेलेले नाहीत. इनडिझाइन ओळींमधलं अंतर आपोआप अक्षराच्या १२० टक्के धरतं. देवनागरीत तेवढं अंतर ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसू पाहतो. आपल्याला जास्त जागा लागते. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, तेव्हा 'सगळं कॅपिटलमध्ये' असं सांगणारं शीर्षक मराठीत पडून जातं. तिथे वजन आणि आकार यांतूनच जोर आणावा लागतो. इटॅलिक ही आपली परंपरा नाही. यंत्रानं तिरपं केलेलं देवनागरी अक्षर वाऱ्यानं झुकलेल्या कुंपणासारखं दिसतं. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करायचा अट्टहास धरला तर आपल्या लांब सामासिक शब्दांमुळे ओळीत भोकं पडतात. आणि इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी' हा पर्याय निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं तुटतात. असं तुटलेलं पान पडद्यावर बघून ज्याच्या डोळ्याला खुपत नाही, त्यानं आधी जुने अंक वाचावेत आणि मग संगणक उघडावा.

दुसरी गोष्ट टाइपची. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या सांकेतिक पद्धतींनी टाइप होत असे, त्या प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. तो फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. छापलेला कागद उरला आणि फाइल मुकी झाली, असं कितीतरी मराठी मजकुराचं झालेलं आहे. या बाबतीत आपल्यावर र. कृ. जोशी यांचे उपकार आहेत. कवी, सुलेखनकार, पवईच्या आयआयटीतले शिक्षक. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट त्यांच्या हातचा. आज 'मुक्ता'सारखे खुले, मोफत आणि अनेक वजनांतले देवनागरी फॉन्ट उपलब्ध आहेत. तेव्हा चांगला फॉन्ट मिळत नाही ही सबब आता चालणार नाही. तुमचा अंक युनिकोडमध्ये असला तरच वीस वर्षांनी कोणीतरी त्यात एखादा शब्द शोधू शकेल. जपून ठेवण्यासारखं असणं हे मासिकाचं लक्षण आहे, असं मी 'दिग्दर्शन'च्या वेळी म्हणालो. आजच्या काळात जपणं म्हणजे शोधता येणं.

आता शेवटी तुमच्या हातात काही द्यावं म्हणून सांगतो. एखाद्या ग्रंथालयात जा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा एक चांगला मराठी मासिकाचा अंक मागून घ्या. सोबत पट्टी आणि वही ठेवा. समास मोजा, वरचा, खालचा, आतला, बाहेरचा. एका ओळीत किती अक्षरं बसतात ते मोजा. एका पानावर ओळी किती, ते मोजा. टाइपचे आकार किती प्रकारचे वापरलेत ते लिहून काढा. बहुधा तीन-चारच्या वर जाणार नाहीत. मग कोरे कागद दुमडून तुमच्या अंकाची डमी करा. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत येते, हे हात आपोआप शिकवतील. त्या डमीवर पेन्सिलीनं फक्त चौकोन काढा : इथे मजकूर, इथे चित्र, इथे काहीच नाही. आणि पहिल्या पानावर एका वाक्यात लिहा, हा अंक कोण वाचणार आहे. त्या माणसाचं वय लिहा. तो कुठे बसून वाचणार ते लिहा. माझ्या वयाचा वाचक असेल तर टाइप एक पॉइंट वाढवा, एवढी माझी वैयक्तिक विनंती समजा.

हे सगळं झाल्यावर संगणक सुरू करा. त्याआधी नको.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा, अवघड असतील तर आधी विचारा.